चुन्याचा क्रूस

मी पुएब्ला शहरात परदेशी लोकांना स्पॅनिश शिकवते. आधी हुकमाची रूपं: आण, ठेव, थांब. ती पटकन येतात. येवो, मिळो, असं व्हावं, ही इच्छेची रूपं शिकवताना मात्र घसा बसतो.

माझ्या आईनं, चेंचानं, एक्केचाळीस वर्षं ओफेलियाबाईंच्या घरी हुकूमच ऐकले. हाक आली की ती म्हणायची ‘मांदे’, म्हणजे आज्ञा करा. इथे सगळेच तसं म्हणतात, पण आईच्या तोंडून ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. गेल्या वर्षी मी तिला माझ्याकडे आणलं आणि त्या घराचं नावही काढायचं नाही, असं बजावलं.

ओफेलियाबाई वारल्या. नवव्या दिवशीच्या जपाला जायचंच, म्हणून आई हटून बसली.

“पाहुणी म्हणून जायचं,” मी म्हटलं. “कोणी बोलावलं तरी उठू नकोस. बोलूही नकोस.”

“बरं.”

तिथे जमिनीवर चुन्याचा क्रूस काढला होता. जप संपला की नेमलेली माणसं तो थोडा थोडा ताटलीत गोळा करतात. मग तो कबरीत जातो. माथ्याचा भाग उचलायचा मान सर्वांत जवळच्या माणसाचा.

जप संपताच बाईंचा मुलगा रोदोल्फो ओरडला, “चेंचा! अगं ए, ये ना इकडे!”

आई उठू लागली. मी तिचं मनगट धरलं. “बस!”

ती बसली.

“रोदोल्फोसाहेब, ती आज पाहुणी आहे,” मी मोठ्यानं म्हटलं. “कॉफी हवी तर स्वतः घ्या.”

त्याचा चेहरा पडला. त्यानं चुलतबहिणीला खूण केली. तिनं गुडघे टेकून माथा गोळा केला. मला खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

निघताना रोदोल्फो दारात म्हणाला, “माथा चेंचानंच उचलावा, असं आई सांगून गेली होती. चेंचाला ठाऊक होतं.”

बसमध्ये मी आईला विचारलं, “खरं?”

“भाजीला जाते सांगून बाईंना बघायला दवाखान्यात गेले होते. बाईंनी हात धरून विचारलं, करशील का गं? इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं, अंपारो.”

“मग तिथे सांगितलं का नाहीस?”

आई खिडकीबाहेर बघत होती.

“तू बोलू नकोस म्हणालीस.”