अबू सालेमच्या रायफलीचं माप

अचूकता हाच मानवी संस्कृतीचा पाया आहे, असं सौदीतल्या दम्मामच्या एका खाजगी दवाखान्यातले दंतवैद्य डॉक्टर मोहन सबनीस नेहमी म्हणत. आत्ता ते व्हर्निअर हातात धरून एका काडतुसाची लांबी पाचव्यांदा मोजत होते आणि ती पाचव्यांदा वेगळी येत होती.

"नौशादभाई, हे वाढतंय की कमी होतंय?"

"दोन्ही करतंय, डॉक्टर," असिस्टंट नौशाद म्हणाला. तो खेडचा. पेशंटच्या तोंडात कापूस कोंबून मग त्याला घरचं सगळं कुशल विचारायची त्याला सवय होती.

एक्क्याण्णव सालचा जानेवारी. कुवेतवरून युद्ध पेटणार हे आता पोरासोरांनाही ठाऊक होतं. दवाखान्याच्या खिडक्यांना चिकटपट्ट्या लागल्या होत्या आणि पेशंट यायचे बंद झाले होते. डॉक्टरांची बायको अहिल्या लेकीला, सानिकाला, घेऊन ऑगस्टातच साताऱ्याला गेली होती. डॉक्टरांचं तिकीट आज संध्याकाळच्या विमानाचं होतं, आणि पुढचं विमान उडेल की नाही हे कुणीच सांगत नव्हतं. तिकीट खिशात होतं. पासपोर्ट मात्र कफीलच्या, म्हणजे दवाखान्याच्या मालकाच्या, कपाटात होता.

मालक अबू सालेम. वाळवंटात जाऊन मेहुण्याबरोबर नेमबाजी करणं हा त्याचा एकमेव छंद, आणि मेहुण्याकडून हरणं हा त्याचा एकमेव अनुभव. काडतुसं तो घरीच भरायचा. गोळी पुंगळीत अशी बसवायची की ती नळीतल्या आट्यांना, म्हणजे आतल्या पिळदार खाचांना, टेकता टेकता राहावी, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. त्याने रायफल आणि दारू न भरलेली पाच नमुन्याची काडतुसं दवाखान्यात आणून ठेवली. "तुम्ही दातात अर्धा मिलिमीटर ओळखता. हे बसवून द्या. मग पासपोर्ट, खलास!" एवढं बोलून तो डोक्यावरच्या लाल चौकड्यांच्या रुमालाचं टोक गालावर दाबून निघून गेला.

फोन वाजला. साताऱ्याहून अहिल्या.

"अहो, निघालात का?"

"मोजतोय."

"काय मोजताय?"

"काडतूस."

पलीकडून आवाज आला, "तुम्ही अजून दातांचेच डॉक्टर आहात ना?"

डॉक्टरांनी फोन ठेवला आणि काडतूस डोळ्यांसमोर धरलं. गोळीचं टोक मऊ शिशाचं होतं, ठिकठिकाणी चेपलेलं. असल्या टोकापासून मोजलं तर माप वेगळं येणारच! झिजलेल्या दाढेची उंची कुणी तिच्या टवक्यावरून धरतं का? वरची दाढ खालच्या दाढेला जिथे भेटते तिथून धरायची. म्हणजे ही गोळी आट्यांना कुठे भेटते ते शोधायचं.

इथे एखाद्या मेकॅनिकने गोळीला काजळी फासून ती कुठे पुसली जाते ते पाहिलं असतं. पण डॉक्टर सबनीस दंतवैद्य होते. साचा घेतल्याशिवाय त्यांच्या मनाला स्वस्थता नव्हती.

"इम्प्रेशन घेऊ," ते म्हणाले.

"रायफलीचं?"

"नळीच्या तोंडाचं."

"साच्याचा गुलाबी मसाला संपलाय, डॉक्टर. नवा माल येत नाहीये. प्लास्टर आहे."

"चालेल. अर्धवट घट्ट झालं की काढू."

नळीत आधी कापसाचा बोळा सारला, मग मागून प्लास्टर ओतलं. ते घट्ट होऊ लागलं तेवढ्यात बाहेर सरावाचा भोंगा वाजला. नियम कडक होते. दोघे विषारी वायूपासून वाचवणारे मुखवटे चढवून एक्स-रेच्या खोलीत जाऊन बसले. मुखवट्यातून नौशाद काहीतरी ओरडत होता. भोंगा थांबल्यावर कळलं की तो "प्लास्टर, प्लास्टर" म्हणत होता.

बाहेर आले तेव्हा प्लास्टर दगड झालं होतं. आणि दारात अबू सालेम उभा होता.

"झालं, दुक्तूर? द्या रायफल."

डॉक्टरांच्या डोळ्यांसमोरून विमान उडून गेलं. पण आवाज रोजचाच निघाला. "इम्प्रेशन घेतलंय. तासभर काही खायला-प्यायला द्यायचं नाही."

अबू सालेमने गंभीरपणे मान हलवली आणि पेशंटच्या बाकावर बसला. उठेना.

नाइलाज झाला. डॉक्टरांनी रायफल खुर्चीत आडवी केली, दिवा ओढला आणि दात कोरायचा आकडा घेऊन प्लास्टरच्या कडा खरवडायला सुरुवात केली. नौशाद सवयीने लाळ ओढायची नळी धरून उभा राहिला. अबू सालेम जवळ येऊन वाकून बघत होता.

"दुखतं का?" त्याने हळूच विचारलं.

"हिला नाही," डॉक्टर म्हणाले. "मला."

शेवटी पुढून सळई घालून दोघांनी हळूहळू रेटा दिला आणि पांढरी खुंटी अख्खी बाहेर आली. तिच्या टोकावर आट्यांच्या रेघा सुरेख उमटल्या होत्या. रेघा सुरू होतात त्या जाडीवर बसेल असं एक कडं डॉक्टरांनी कवळीच्या मसाल्याचं बनवलं. ते गोळीवर चढवून पुंगळीच्या बुडापासून कड्यापर्यंत मोजलं. पाचही काडतुसं एकच माप बोलली. प्रत्येक गोळी केसभर आत दाबली की काम संपत होतं.

"मेहुणा संपला!" अबू सालेम म्हणाला.

"पासपोर्ट," डॉक्टर म्हणाले.

अबू सालेमने झग्याच्या खिशातून पासपोर्ट काढला. बाहेर जायचा शिक्का मारलेलाच होता, मागच्या आठवड्यातला. डॉक्टरांनी तो पाहिला, मग अबू सालेमकडे पाहिलं.

"मग इतके दिवस मला का थांबवलंत?"

अबू सालेम खाली बघू लागला. गालावरचा रुमाल त्याने आता कुठे सोडला. तो गाल दुसऱ्यापेक्षा चांगलाच मोठा होता.

"तुमचा हात हलका आहे की नाही, ते बघायचं होतं," तो म्हणाला. "विमानाला थोडा वेळ आहे ना? ही मागची दाढ जरा बघता? प्लास्टर मात्र नको."