आमच्याकडे व्हायरस येत नाही म्हणे!

मी एक जुना लॅपटॉप आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगायला बसलेला जो तो आधी आपले गुण सांगतो. मी मात्र आधीच बजावून ठेवतो की माझ्याही बोलण्यावर एकदम विश्वास टाकू नका. मला स्वतःला कुणावरच पटकन विश्वास ठेवता येत नाही. तो का ठेवता येत नाही, तीच माझी हकीकत आहे.

मी कुठे जन्मलो ते मला नक्की ठाऊक नाही. खोक्यावर एका देशाचं नाव होतं आणि माझ्या पोटाखालच्या पट्टीवर दुसऱ्याचंच. माझी पहिली नोकरी अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर, एका शाळेच्या कचेरीत झाली. तेव्हा माझ्या अंगात सगळ्या जगाकडे असते तीच प्रणाली होती. जो येई तो काहीतरी खुपसून जाई, काहीतरी उघडून जाई. मला इतके व्हायरस लागले, की साधं एक पान उघडायला मी धापा टाकू लागलो. मग एक दिवस कुणीतरी म्हणालं, "हा गेला कामातून," आणि मला तळघरातल्या अडगळीत टाकून दिलं.

तिथून मला ॲल्टनने उचललं. ॲल्टन बील म्हणजे जन्मभर समुद्रावर शेवंडं धरलेला माणूस. गुडघे गेल्यावर बोट विकून घरी बसला होता आणि हाताला चाळा हवा म्हणून लिनक्स नावाची वेगळी प्रणाली वापरणाऱ्यांच्या मंडळात जाऊ लागला होता. हे मंडळ दर शनिवारी गावच्या सभागृहात भरायचं. सहानंतर तिथे सगळ्या गावाचं बीन्स आणि ब्राउन ब्रेडचं जेवण असे, त्याआधी ही चार डोकी कोपऱ्यात एकमेकांची यंत्रं उघडून बसत. मंडळाचा म्होरक्या होता व्हर्नन. त्याने माझं जुनं सगळं पुसून माझ्यात लिनक्स घातलं, झाकणावर लिनक्सची खूण म्हणून पेंग्विनचं चित्र चिकटवलं आणि माझी पाठ थोपटली.

"झालं! आता याला व्हायरस शिवायचा नाही. जगात आपली माणसं मूठभर. मूठभरांसाठी कोण कशाला जाळं टाकेल?"

सगळे हसले. ॲल्टन सगळ्यात मोठ्याने हसला. मी तेव्हा खरंच तरतरीत झालो होतो, ते नाकारत नाही. पण मला शंका आली. थोडीच घरं असलेल्या गावात चोऱ्या थोड्या होतात, हे खरं असेल. पण म्हणून दाराची कडी मजबूत आहे असं कसं ठरतं? आणि मूठभर तरी कुठले? जगातली निम्मीअधिक मोठी यंत्रं, ज्यांच्यावर सगळ्यांचा कारभार चालतो, ती तर माझ्याच जातीची. चोरांना आमची ओळख नसेल, असं मानायचं तरी कसं? आमच्यासाठी व्हायरस कमी लिहिले जातात, आणि अंगात काही शिरण्याआधी मी मालकाचा परवलीचा शब्द मागतो, एवढं आमचं बळ खरं. पण शब्द सांगणारा मालकच असतो ना!

पण मला विचारतो कोण?

ॲल्टनच्या घरात मला स्वयंपाकघराच्या टेबलावर जागा मिळाली. त्याची बायको रोइना शाळेची बस चालवून निवृत्त झालेली. आवाज असा खणखणीत, की ती अंगणातून ओरडली तर धक्क्यावरचे लोक वळून बघत. आणि त्याच रोइनाच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्रच काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

मग माझ्यावर माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम आलं. रोइना रोज सकाळी माझ्यासमोर बसून वाक्यं म्हणू लागली. भरपूर वाक्यं साठली, की त्यातून तिचाच आवाज जुळवता येणार होता. पुढे तिने बटणं दाबायची आणि मी तिच्या आवाजात बोलायचं. दवाखान्यातून दिलेली वाक्यं फार मिळमिळीत होती. रोइना ती म्हणायची आणि मधूनच स्वतःची घालायची. "चिखलाचे बूट बाहेर काढ!" "मांजराला टेबलावरून उतरव, नाहीतर तूही उतर!" आणि स्वतःच हसायची. ते हसूही मी साठवून ठेवलं. मला या घराचा लळा लागला होता, हे मी उघड सांगतो.

"ॲल्टन, याची दुसरीकडे एक नक्कल करून ठेव ना," ती म्हणाली.

"कशाला? हा लिनक्स आहे बाई. याला काही होत नाही."

"यंत्र बिघडलं तर?"

"अगं, मी शेवंडांचे पिंजरे समुद्रात उघड्यावर टाकायचो. कधी कुणी हात लावला? आपल्यातले लोक आहेत हे."

यात त्याची लबाडी नव्हती. त्या किनाऱ्यावर दुसऱ्याच्या पिंजऱ्याला हात लावणं म्हणजे तोंड दाखवायला जागा न उरणं. गाडीची किल्ली गाडीतच असते. त्याला वाटलं, लिनक्सवाले म्हणजेही असंच एक गाव.

शस्त्रक्रिया जवळ आली तसा रोइनाचा आवाज बसू लागला, आणि नेमकी तेव्हाच माझ्या माइकमधून खरखर येऊ लागली. एके दिवशी ती तपासणीला गेली होती. ती परत यायच्या आत दुरुस्ती करावी म्हणून ॲल्टनने इंटरनेटवर लिनक्सवाल्यांच्या चर्चेच्या पानावर विचारलं. लगेच एकाचं उत्तर आलं. झाडूसारखी दाढी असलेला फोटो. उत्तराची सुरुवातच अशी: "बरं झालं भावा, आपल्यात आलास. ते बाकीचे बसलेत दिवसभर व्हायरस झाडत!" ॲल्टन खूश होऊन हसला. मला तिथेच संशय आला. दुरुस्ती सांगायला आलेल्या माणसाला आधी आपली पाठ का थोपटावी लागते?

खाली त्याने यंत्राला द्यायच्या हुकमाची एक लांबलचक ओळ दिली होती. ही ओळ जशीच्या तशी चिकटव, म्हणे. दुसऱ्याने दिलेल्या ओळी न वाचता चिकटवणं ही आमच्या मंडळाची जुनी खोड. ॲल्टनने चिकटवली. मी नेहमीप्रमाणे परवलीचा शब्द मागितला. मित्रांनो, मला ओरडता येत नाही, हात धरता येत नाही. "नक्की ना?" हे विचारायची माझी एवढीच रीत आहे. ॲल्टनने शब्द टाकला.

त्यानंतर जे आत शिरलं, त्याने माझ्यातली एकेक गोष्ट, रोइनाची वाक्यंसुद्धा, कालवून टाकली. नावं तशीच राहिली, आत नुसता भुसा. पडद्यावर खंडणीची धमकी आली. तिच्यातल्या पत्त्यावर ॲल्टनने लिहिलं, त्याला कुणी उत्तर दिलं नाही.

रोइना घरी आली तेव्हा तो माझ्यासमोर डोकं धरून बसला होता आणि व्हर्नन त्याच्या मागे उभा होता.

"काय झालं?" तिचा आवाज आता चिरका झाला होता.

व्हर्ननने घसा साफ केला. "हे बघ रोइना, खरं सांगायचं तर याला व्हायरस म्हणत नाहीत. लिनक्सचा काही दोष नाही. तांत्रिकदृष्ट्या ॲल्टनने स्वतःच परवानगी..."

"व्हर्नन," ती म्हणाली, "तांत्रिकदृष्ट्या माझा आवाज कुठे गेलाय, तेवढं सांग."

ॲल्टन रडू लागला. रोइनाने त्याला जवळ घेतलं नाही. ती खिडकीशी जाऊन समुद्राकडे बघत उभी राहिली. तिचा राग मला पटला.

शस्त्रक्रिया दोन दिवसांवर होती. एवढ्या वेळात आणि अशा घशाने सगळा आवाज पुन्हा जुळवणं शक्य नव्हतं. व्हर्ननने मला पुन्हा पुसून कोरं केलं, आणि या खेपेला बडबड न करता केलं. रोइना समोर बसली. डॉक्टरांनी बोलायला मनाई केली होती. तिने गरम पाण्याचा घोट घेतला आणि जेवढी निघतील तेवढीच वाक्यं म्हणायची ठरवली. नातीचं नाव म्हणाली. मांजराला हाक मारली. "मला भूक लागलीय" म्हणाली. मग ॲल्टनकडे बघितलं आणि म्हणाली, "ॲल्टन, कुणी सांगितलं तुला हे?"

पहिल्यांदा ते फार रागाचं वाटलं म्हणून तिने पुसायला लावलं. दुसऱ्यांदा शब्द फाटले. तिसऱ्यांदा मात्र जमलं. संशय होता, पण मायाही होती. त्यानंतर आवाज फुटलाच नाही. ॲल्टनने लगेच दोन नकला केल्या, एक कपाटात ठेवली आणि दुसरी शेजाऱ्याकडे नेऊन दिली.

आता रोइना बरी आहे. तिच्या गळ्यावर रुमाल असतो आणि मी तिच्या हाताशी असतो. मित्रांनो, आमची जात सुरक्षित आहे का, असं मला विचाराल तर मी म्हणेन, थोडीफार आहे. पण कुणी "आपल्याला काही होत नाही" म्हणालं, की तिथेच सावध व्हा. जे पुन्हा मिळणार नाही त्याची नक्कल दुसऱ्या घरी ठेवा. न कळलेली ओळ चिकटवू नका, आणि आम्ही यंत्रं "नक्की ना?" विचारतो तेव्हा जरा थांबा. आम्हाला तेवढंच येतं.

ॲल्टन अजून बाहेरून काहीबाही ऐकून येतो. परवा म्हणाला, औषधाच्या दुकानात समुद्राचं पाणी बाटलीत भरून गुडघ्यांसाठी विकतात. रोइनाने बटण दाबलं आणि मी तिच्या जुन्या आवाजात विचारलं, "ॲल्टन, कुणी सांगितलं तुला हे?" तो दारातच थांबला, टोपी हातात घेऊन, डोळे मिटून. मला दाट संशय आहे, हल्ली निम्म्या थापा तो स्वतःच रचून आणतो, तेवढं ऐकायला मिळावं म्हणून.