डोळ्यातली वाटी

त्या हिवाळ्यात दिव्याभोवती रंगाची कडी पडू लागली. बाहेरून तांबडं, मध्ये हिरवं, आत निळं, मोराच्या पिसावानी. दिवेलागणीला समईपुढं बसलं की सगळं देवघर त्या रंगात तरंगायचं आणि माझं ठणकतं डोकंही त्याच्यासंगं तरंगायचं. कुणाला सांगितलं न्हाई. देव एवढा सिंगारून माझ्याकडं येतो, तर गावाला कशाला दावायचा?

उजव्या डोळ्यात तर आधीपासूनच धुकं होतं. आमच्या शिरड शहापुरात डोळ्याचा एकच रोग ठाऊक, मोतीबिंदू. त्याला आंब्यासारखा पिकू द्यायचा, कच्चा काढला तर डोळा जातो. मी म्हटलं, पिकू दे. आमच्या घरात बैलसुद्धा मला विचारून पाणी प्यायचे, तिथं एक डोळा आढीत घालायला कुणाची परवानगी लागते?

धाकटी जाऊ भिकाबाई हिलाही धूसर दिसायचं. पण आमचं दोघींचं एका चुलीवर कधी जमलं न्हाई. ती बायांत म्हणायची, "थोरल्या बाईच्या नजरेत आमी भरतच न्हाई." मी म्हणायचे, भरण्याजोगी हो, मग बघते.

रझाकारांची धामधूम अजून सुरू व्हायची होती. हिंगोलीच्या धर्मशाळेत हैदराबादहून डोळ्यांचा डॉक्टर उतरलाय, अशी खबर लागली. माझ्या लेकानं, माणिकरावानं, गाडी जुंपली आणि आम्हा दोघी जावांना एकाच गाडीत घातलं. वाटभर ज्वारीवर धुकं पसरलेलं. बाहेरचं धुकं कुठं संपतं आणि माझं कुठं सुरू होतं, तेच कळेना.

विश्वंभर डॉक्टर म्हणजे मिसरूड फुटलेलं पोरगं. मी म्हटलं, "तुझ्या आयला ठाव हाय का, तू लोकांच्या डोळ्यात बोटं घालून राहिला ते?"

"तिचे पण मीच तपासतो," तो म्हणाला आणि हसला.

त्यानं थेंब टाकून डोळा बधिर केला. डोळ्यातला दाब मोजायला बुबुळावर बारकं वजन ठेवून काटा वाचला. बाजूनं बत्ती धरली, मग भिंगातून आत बघत राहिला. मला वाटलं, हा माझ्या घरात शिरून माळ्यापर्यंत हिंडून राहिला. भिकाबाईचंही तसंच केलं. मग कागदावर दोन ताटं काढली, त्यात दोन वाट्या.

"डोळ्याच्या मागं नस निघते, तिथं असं ताट असतं. मधला खळगा म्हणजे वाटी. भिकाबाईंची वाटी मोठी आहे. तुमच्या डाव्या डोळ्यातली तिच्याहून लहान."

मला बरं वाटलं. "मंग रोग तिला."

"नाही, तुम्हाला. त्यांचं ताटच मोठं, वाटीभोवती काठ जाडजूड आहे. तुमचं ताट लहान. वाटीनं काठ खात आणलाय, आणि उजव्या डोळ्यात तर काठ उरलाच नाही. नुसती वाटी मोजून कळत नाही, बाई. ती कशात बसलीय ते बघावं लागतं."

भिकाबाई पदरात हसली. "म्हंजी माझं ताट मोठं, डाक्टर?"

"खायला कमी बसतीस का तू," मी म्हटलं.

डॉक्टर सांगत राहिला. वयानं दोघींच्या डोळ्यातलं भिंग जाड झालेलं. पण माझा डोळा मुळातच आखूड. त्यात जाड भिंग बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला पुढं रेटतं, पुढची खोली अरुंद होते, पाणी जायची मोरी बुजते आणि दाब चढतो.

"लहान घरात मोठी कणगी," मी म्हटलं.

"बरोबर. भिकाबाईंचा मोतीबिंदू आहे, त्याला घाई नाही. तुमचा काचबिंदू. हा पिकत नाही, नासत जातो. उजवा गेला. डाव्याच्या पडद्याला काठाशी बारीक खिडकी पाडू, पाण्याला वाट मिळेल."

"गेलेला सोडून धड डोळा कापतोस?" मी उठलेच. "माणिका, गाडी जुंप!"

"एवढं बघू द्या, मग जा. माझ्या नाकाकडं बघा. उजवीकडून काही आलं की सांगा."

मी नाकाकडं बघत बसले. कबुतरं घुमत होती. काहीच येईना.

"आण की लवकर!"

"आणून झालं, बाई. भिकाबाई तुमच्या कानाजवळ तांब्या घेऊन उभ्या आहेत."

मान वळवली. होती. अगदी श्वास लागेल इतकी जवळ.

भिकाबाईचा आवाज बारीक झाला. "गेल्या संक्रांतीला अशीच उभी होते. तिळगूळ पुढं धरून. तुमी तशाच उठून गेल्या. साऱ्या बायांनी पाह्यलं. मला वाटलं, मिजास."

तिथं अंधार असता तर कळलं असतं. अंधार नव्हता, काहीच नव्हतं. जसं पाठीमागं काही नसतं. जगाचा एक काठ गुपचूप खाल्ला गेला होता आणि मी मिरवत होते.

"डावा बी असाच जाईल?"

"असाच. कळणारसुद्धा नाही."

मी बसले. "काप."

पुढं दोन्ही डोळ्यांवर पट्टी. हलायचं न्हाई, शिंकायचं न्हाई. दिवस कुठला, रात कुठली, सगळं एका काळ्या पाण्यात विरघळलेलं. त्या पाण्यात माहेरची विहीर यायची, मेलेली माणसं काठावर बसून मला हाक न मारता बोलायची. स्टेशनातली शिट्टी यायची आणि मी खाटेसकट हलके हलके वाहत जायचे. मध्येच ओठाला चमचा लागायचा.

"कोण? कुठून आलीस?"

"भिकी. डावीकडून."

"शिकलीस म्हणायचं."

एका सकाळी डॉक्टरनं पट्टी सोडली. आधी नुसतं दूध सांडल्यागत. मग दुधातून एक तोंड वर आलं.

"भिके, नथीचा मोती पिवळा पडलाय तुझा."

ती रडायलाच लागली. डॉक्टरनं बोटानं डोळा हलकेच दाबून पाहिला. "मऊ आहे, दाब उतरलाय. गेलेलं येणार नाही, पण आहे तेवढं राहील."

"आणखी काय दिसून राहिलं, बाई?" भिकाबाईनं विचारलं.

मी मान हळूहळू उजवीकडं फिरवली. जिथं काहीच नव्हतं, तिथपर्यंत डावा डोळा नेऊन ठेवला. तिथं दार होतं. दारात ऊन.

"ऊन हाय," मी म्हटलं. "आणि माणिका उंबऱ्यावर तोंड वासून झोपलाय."