घरातली एकच चाळिशी

आमच्या घरात चाळिशी एकच होती. देवळाबाहेरच्या फेरीवाल्याकडून डोळ्यांना लावून लावून निवडलेली. दिवसा ती माझ्याकडे असे, दवाखान्यात औषधं बनवायला. संध्याकाळी सासूबाईंकडे, तांदूळ निवडायला. आणि एकादशीला चुलतसासरे सेतुरामकाकांकडे, भजनमठात पोथी वाचायला. एकादशीवर वाद घालायची सोय नव्हती.

तरी त्या सकाळी मी मागून पाहिली. “काका, आज तेवढी मला द्या. डॉक्टर पापनाशमला जाताहेत. सगळं मलाच बघायचंय.”

“बी.एस्सी. शिकलीस ना गे? बाटल्या तुला तोंडपाठ हव्यात,” ते हसले. “मला पोथी अजून पाठ नाही.”

दहा वाजता दारासुरमहून नागलक्ष्मी आली. रेशीम विणणाऱ्यांच्या घरची. तिच्या चार वर्षांच्या शेषाद्रीला डांग्या खोकला होता. डॉक्टरांनी निघता निघता त्याला तपासून चिठ्ठी लिहिली: बेलाडोनाचा अर्क चाळीस थेंब, आठ डोसांत.

मापपेल्यावरच्या रेघा मला एकाच राखाडी पट्ट्यासारख्या दिसल्या. मी पेला लांब धरला. बारा वर्षं हेच काम करत होते. चाळिसाची रेघ कुठे असते ते मला ठाऊक आहे असं मी समजले.

दोन वाजता बेलाडोनाची बाटली फळीवर ठेवताना हाताला हलकी लागली. सकाळीच फोडलेली, एका औंसाची, म्हणजे चारशे ऐंशी थेंबांची. त्या एका औषधाशिवाय ती कशालाच वापरली नव्हती. बारावा हिस्सा उतरायला हवा होता. पाव बाटली उतरली होती.

तिप्पट.

बेलाडोना जास्त झाला की तोंड सुकतं, कातडी लाल होते, बाहुल्या पसरतात, नाडी धावते. पुढचं मी मनात पूर्ण केलं नाही.

मठात काका वाचत होते. मी बायकांच्या रांगेतून थेट पुढे गेले.

“काका, चाळिशी.”

“ओवी तरी संपू दे!”

मी ती त्यांच्या नाकावरून काढून घेतली. “अगे, पोथी अशी मध्येच...” ते म्हणाले. बाकीचं मी ऐकलं नाही. जटका दारासुरमला पोचेपर्यंत घोडा रांगतोय असं वाटत होतं.

नागलक्ष्मी तिसरा डोस ओतत होती. मी तिच्या हातून बाटली घेतली.

“पोराचं अंग तापलंय अम्मा, म्हणून लवकर देते.”

शेषाद्रीचा चेहरा लाल होता. तो हवेत काहीतरी पकडत होता. बुबुळाचा काळा भाग जवळजवळ कडेपर्यंत पसरला होता.

“हे तापाने नाही. औषध मी तिप्पट घातलं. मला रेघा दिसल्या नाहीत.”

ती पोराला उचलून आत गेली. “हात लावू नका.”

जटकेवाल्याला मी स्टेशनवर पाठवलं. डॉक्टर पाचच्या गाडीने यायचे होते. चिठ्ठीत लिहिलं: बेलाडोना तिप्पट, दोन डोस, चूक माझी. मग उंबऱ्याबाहेर बसले आणि घड्याळ डोळ्यांपुढे धरलं. चाळिशीतून सेकंदकाटा स्वच्छ दिसत होता.

“त्याचं मनगट धरा,” मी आत सांगितलं. “मी म्हणेन तेव्हा नाडीचे ठोके मोजायला लागा.”

तमिळमध्ये, दात आवळून, ती मोजू लागली. मिनिटाला एकशे छप्पन्न.

“ओल्या फडक्याने अंग पुसा. पाणी थोडं थोडं पाजा.”

एकशे साठ. एकशे अठ्ठावन्न. चार वाजता पुन्हा एकशे साठ.

साडेचारला एकशे चव्वेचाळीस.

“उतरतंय?” तिने आतून विचारलं.

“एका आकड्यावरून सांगता येत नाही. पुन्हा मोजा.”

“या आत,” ती म्हणाली. “आता त्याचं मनगट तुम्ही धरा.”