फळीच्या टोकावर सासूबाई

आमचे हे काचा बसवतात. कामावरची माणसं त्यांना 'कापूस' म्हणतात, कारण ह्यांच्या हातून काच जमिनीला टेकली तरी आवाज होत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, एक टवका उडालेला नाही. आणि हाच माणूस घरी आला की बूट काढायच्या आधी मोबाईल काढतो आणि एका खेळात धडाधड सगळं पाडत बसतो.

खेळ तरी काय, तर फळ्या, विटा, दगड आणि एक चेंडू. कुठली तरी एक फळी काढायची, डोलारा कोसळतो, आणि चेंडू घरंगळत बादलीत पडला पाहिजे. तो पडत नाही. मग एक बोट टेकवायचं, की सगळं पुन्हा जागच्या जागी उभं!

"अगं, वजन, उतार, धक्का, सगळं अगदी खऱ्यासारखं असतं यात," हे मला समजावतात. हो ना. फक्त खालचा पसारा झाडायला मी लागत नाही, तेवढंच काय ते खोटं.

दिवसभर काही पडू नये म्हणून जीव मुठीत धरणारा माणूस संध्याकाळी मनसोक्त पाडतो, एवढं मला कळत होतं. कळत होतं म्हणून आवडत होतं असं मुळीच नाही. त्यात एक दिवस सासूबाईंनी "बघू रे, काय आहे ते" म्हणून मोबाईल हातात घेतला. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या! आता गॅसवर दूध उतू जातं आणि शेजारी उभ्या सासूबाई म्हणतात, "थांब गं, चेंडू सुटलाय."

आता माझं ऐका. मी आजवर झोपायच्या खोलीत, कपाटाला मशीन टेकवून लोकांचे कपडे शिवले. शेवटी रस्त्याला लागून एक गाळा मिळाला. उद्या दुकान उघडायचं, गिऱ्हाइकांना सांगून झालेलं, फक्त दर्शनी काच बसायची होती. काच नाही तर रस्त्याची सगळी धूळ शिवलेल्या कपड्यांवर. आणि नेमका आजच ह्यांचा कामावरचा जोडीदार कंबर धरून घरी बसला. दुष्काळात तेरावा महिना!

"काळजी करू नकोस," हे म्हणाले. "हे कोडं मी परवाच सोडवलंय."

"कुठे?"

"खेळात."

मी कपाळाला हात लावला.

ह्यांनी मधोमध विटा रचून त्यांवर लांब फळी आडवी टाकली. एका टोकावर काच उभी करून धरली. दुसऱ्या टोकावर सासूबाई बसणार, त्यांच्या वजनानं काच चौकटीच्या उंचीला येणार आणि हे ती अलगद आत सरकवणार. "आई, अजिबात हलायचं नाही हं," असं बजावून, त्या हलू नयेत म्हणून ह्यांनी स्वतःच त्यांच्या हातात मोबाईल दिला. केवढी ती अक्कल!

पण खोटं कशाला बोलू, काच उचलली गेली. कुरकुर नाही, थरथर नाही. चौकट वीतभर राहिली होती. मी ह्यांचं कौतुक करायला तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाई किंचाळल्या, "पडला! बादलीत पडला गं बाई!" आणि ताडकन उठून उभ्या राहिल्या.

आवाज असा झाला, की शेजारचा न्हावी वस्तऱ्यासकट बाहेर आला आणि त्याच्यामागून अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक.

कुणाला खरचटलंही नाही, नशीब. सासूबाई एकदा मोबाईलकडे, एकदा जमिनीकडे बघत हळूच म्हणाल्या, "इथे बोट कुठे टेकवायचं रे?"

माझ्या जिभेवर असा टोमणा तयार होता, की जन्मभर पुरला असता. मग मी ह्यांच्याकडे पाहिलं. काचांच्या खचात उभे, आणि हात अजून काच धरल्यासारखे पुढे. ते हात असे रिकामे मी कधीच पाहिले नव्हते.

"फुटली गं माझ्याकडून," हे म्हणाले. मी टोमणा गिळला. कडू होता, पण गिळला.

मी केरसुणी उचलली. "गोदामात दुसरी आहे ना?"

"आहे. पण..."

"पणबिण काही नाही, घेऊन या. मोबाईल माझ्या पिशवीत राहील. आणि या वेळी फळीवर मी बसते. आईंपेक्षा मी जड आहे, तुम्हीच तर सांगत असता."