अनसूयेचा विटकरी चहा

माघातला उत्तर समुद्र. शिशासारखं पाणी, शिशासारखं आभाळ, आणि दोहोंच्या मध्ये स्टेनबी नावाचं इवलंसं इंग्लिश बंदर, धुक्याच्या ओल्या पदराखाली अंग चोरून बसलेलं. वारा खारा, गारा बारीक. दुपार कलली होती, पण ती दुपार आहे हे घड्याळ सांगत होतं म्हणूनच मानायचं. सूर्य या गावात माघात उंबऱ्याशी येतो, आणि चपला न काढताच परत जातो.

धक्क्याच्या टोकाला चहाचं दुकान. धूसर काचा, मधाळ उजेड. त्या उजेडात उभी होती अनसूया साळवी, शुभ्रकेशी, ताठ कण्याची, दाभोळच्या खाडीकाठी जन्मलेली आणि या धक्क्यावर म्हातारी झालेली. दाराला आतून कडी होती. काचेवर पाटी होती, ‘आज बंद’. ती पाटी तिनं लावली नव्हती.

लावली होती रेवतीनं. रेवती तिची एकुलती एक लेक, लंडनात हॉटेलं सजवण्याचं काम करणारी, बोलण्यात गोड आणि ठरवण्यात पक्की. आईचं दुकान नवं करायचं तिनं मनावर घेतलं होतं. भिंती केशरी. पितळी पेले. मसाल्याचा चहा, कोथिंबीरवडी, आणि दारावर आईचं नाव नागमोडी अक्षरांत. जाणार काय? तो तपकिरी किटलीतला साधा चहा जाणार, चीज-टोस्ट जाणार, मांसाच्या पाई, त्या भट्टीत भाजलेल्या इंग्लिश करंज्या, जाणार. आज त्यासाठीच एका मासिकाची बाई चाखायला आली होती, फेलिसिटी नावाची. तिच्या पसंतीला उतरलं की वसंतात जुनं दुकान संपलं.

“आई, लोकांना तुझं खरं हवंय,” रेवती म्हणाली होती. “इंग्लिश चहा काय, कुणीही करतं.”

अनसूया हो म्हणाली होती. लेक कितीतरी महिन्यांनी घरी आली होती, आईच्या पलंगावर आईच्या पांघरुणात झोपली होती, आणि नाही म्हटलं तर ती पुन्हा कधी येईल याचा नेम नव्हता. हो म्हणायला काय जातं, असं तिनं स्वतःला समजावलं. मग लेकीनं पेटीतली जरीची साडी काढली, तीही ती नेसली. नथ मात्र बाजूला ठेवली. नवरा गेल्यावर नथ घालायची नाही एवढं एक ‘नाही’ तिच्यापाशी अजून शिल्लक होतं.

आता तिच्या हातात पितळी पेला होता, आणि पेल्यात तिला परकं वाटणारं काहीतरी वाफाळत होतं. आलं होतं, वेलची होती, दालचिनी होती. चहा चांगलाच झाला होता. पण तो तिचा नव्हता.

तिचा चहा विटकरी. आधी गरम पाण्यानं किटलीचं पोट शेकायचं, मग पत्ती, मग खळखळतं पाणी, मग लोकरीची टोपी घालून किटलीला गप्प बसवायचं. घाई नाही, ढवळणं नाही. लाल होता होता तपकिरी, तपकिरी होता होता विटकरी, आणि मग दुधाची एकच पांढरी रेघ, जी ढगासारखी उमलते आणि विरते. हा चहा बोलका नाही. समोर बसतो आणि हातांना ऊब देतो.

हे तिला जन्मतः येत नव्हतं. लग्न करून आली तेव्हा नवऱ्यानं, दत्तारामनं, बोटीवरची नोकरी सोडून हे दुकान घेतलं होतं, आणि तिनं दाभोळच्या रीतीनं दूध, पाणी, साखर, पत्ती सगळं एकाच टोपात रटरटवलं. कोळी आले, प्याले, “छान आहे” म्हणाले आणि गेले. अख्खा हिवाळा असाच गेला. ती मनातून फुलली होती. शेवटी शेजारची एल्सी ग्रिब्स एका सकाळी मागच्या दारानं आली आणि म्हणाली, “पोरी, माझा वॉल्टर तुझ्या चहाला वादळापेक्षा जास्त भितो. पण आमच्याकडे असं सांगत नाहीत.” चाळीस जणांचं गाव, आणि एकाच्याही तोंडून शब्द फुटला नव्हता. भिडेनं माणसं मरतात म्हणतात, ही माणसं भिडेनं चहा प्यायली होती.

एल्सीनं मग शिकवलं. किटली शेकायला शिकवलं. पावाच्या जाड कापावर किसलेलं चीज, मोहरीचं बोट, वर काळ्या आंबट सॉसचे चार थेंब, आणि जाळाखाली ते चीज सोनेरी होऊन करपायच्या बेतात आलं की झटकन बाहेर. आणखीही एक शिकवलं. होडी समुद्रात असताना पाव उलटा ठेवायचा नाही. पाव उलटला की होडी उलटते. अनसूया हसली नव्हती. तिच्या माहेरीही बाप दर्यावर असला की आई केर उंबऱ्याबाहेर टाकत नसे. भीतीला सगळीकडे एकच भाषा येते.

आणि दत्ताराम गेला तेव्हा. त्या गावाला शोकाचे शब्द येत नाहीत. कुणी गळ्यात पडलं नाही, कुणी रडलं नाही. सकाळी तिनं दार उघडलं तर पायरीवर फडक्यात गुंडाळलेल्या पाई होत्या, मांसाच्या, बटाट्याच्या, कांद्याच्या, एकीला एक लागून, गरम. तिनं पायरीवरच बसून एक फोडली. खारी, दाट, मिरीगंधी वाफ तोंडावर आली आणि तिला पहिल्यांदा रडू फुटलं. त्या चवीला कुणी परकी म्हणालं तर अनसूयेला राग येई. ती चव तिच्या अश्रूंची साक्षीदार होती.

“फारच सुंदर,” पाहुणी म्हणाली आणि कॅमेरा सरसावला. पितळी पेल्याशेजारी काहीतरी गोल, सोनेरी हवं होतं. तिनं फळीवरचा ताजा पाव उचलला, त्याचा तळ जास्त तांबूस होता, म्हणून तो उलटा करून टेबलावर मांडला.

अनसूयेनं काचेबाहेर पाहिलं. ‘एलिनॉर’ होडी पहाटेच समुद्रात गेली होती. एल्सीचा नवरा वॉल्टर आणि त्याची माणसं. दुपारीच यायची होती, अजून आली नव्हती, आणि धक्क्यापलीकडे धुकं कापसासारखं कोंबलेलं होतं. तिनं रेवतीकडे पाहिलं. रेवती याच गावात वाढली होती, तिला ठाऊक होतं. रेवतीनं मान किंचित हलवली. राहू दे, आई, एक फोटोच तर आहे.

अनसूयेनं पुढे होऊन पाव सुलटा केला.

“ओह, पण तळ…” पाहुणी म्हणाली.

“होडी बाहेर आहे,” अनसूया म्हणाली, आणि पाव उचलून गल्ल्यामागे, स्वतःच्या पाठीशी ठेवला. पाहुणीला काही कळलं नाही. रेवतीचा चेहरा उतरला.

मग धुक्यातून इंजिनाचा तो खोकला आला. धुकंसुद्धा त्याला वाट देतं इतका जुना, ओळखीचा खोकला. थोड्या वेळानं काचेपलीकडे पाच पिवळे रेनकोट उभे राहिले, पाच भिजलेली, मिठानं पांढुरलेली तोंडं. त्यांनी पाटी वाचली. दार वाजवलं नाही. या गावात दार वाजवत नाहीत, पाटीवर लिहिलं आहे म्हणजे लिहिलं आहे. म्हाताऱ्या वॉल्टरनं काचेतून तिची जरीची साडी पाहिली, अदबीनं टोपीला हात लावला, आणि ते सगळे गारांत पाठ फिरवून निघाले.

“आई, नको,” रेवती हलक्या आवाजात म्हणाली. “आज नको. अर्धा तास फक्त. माझ्यासाठी.”

लेकीचा असा आवाज तिनं लहानपणी ऐकला होता, तापात. हो म्हणावंसं वाटलं, अगदी ओठांवर आलं. पण दर्यातून जिवंत परत आलेली माणसं तिच्या दारावरून कोरडी जात होती, आणि असं या दुकानात आजवर झालं नव्हतं.

तिनं जरीचा पदर कमरेला खोचला. पाटी काढून चुलीशेजारच्या सरपणात टाकली. कडी काढली. दार उघडलं तसा समुद्र आत आला, वारा, मीठ, गारा, सगळा एकदम.

“वॉल्टर,” तिनं हाक मारली. “कुठं निघालात? किटली शेकतेय.”

ते आले. बाकं करकरली, रेनकोट ठिबकले, रेवतीनं नमुना म्हणून अंथरलेल्या केशरी कापडावर तळी साचली. विस्तव फुलला. सुऱ्या पावात उतरल्या, चीज वितळलं, फसफसलं, सोनं झालं. कांद्याची पाई फुटली आणि तिचा खमंग, दाट दरवळ दालचिनीवर चाल करून गेला आणि जिंकला. विटकरी चहा पाच मोठ्या मगांत उतरला. पाचही जणांनी आधी ते मग दोन्ही हातांत धरले, आणि बराच वेळ कुणी प्यायलं नाही, नुसतं धरून राहिले.

फेलिसिटीनं एक चीज-टोस्ट खाल्ला, मग बोटं चाटली. सरळ बाई होती, सरळच विचारलं, “फार चांगलं आहे. पण यात तुमचं काय आहे?”

अनसूया तिच्याशी इंग्रजीत बोलली नाही. ती लेकीकडे वळली.

“हात माझा आहे, रेवती. तुला म्हाईत आहे गो, हाताची चव काय ती. ह्या चहानं मला ह्या गावात राखलं. तुझा बाप ह्याच चहावर जगला आणि तूही ह्याच टोस्टवर वाढलीस. माझं खरं कुठलं, ते मला दुसऱ्यानं सांगायचं नाही. तूही नाही, बाय.”

रेवतीनं पितळी पेले एकेक करून खोक्यात भरले, पाहुणीची पिशवी उचलली, आणि दोघी बाहेर पडल्या. अनसूयेनं थांब म्हटलं नाही. म्हणावंसं फार वाटलं. पोटची पोर पाठ फिरवून जाते तेव्हा कुठल्याही भाषेत बरं वाटत नाही.

पण गाडी सुरू झाली नाही. पाहुणी धक्क्यावर उतरून बंदराचे फोटो काढत राहिली. रेवती स्टिअरिंगमागे बसून राहिली, काचा बंद, दिवे बंद, हात मांडीवर.

अनसूयेनं एक मग भरला. दुधाची रेघ सोडली, साखर दोन चमचे, लेकीला लागते तशी. वर झाकणासारखा चीज-टोस्ट ठेवला, आणि जरीच्या साडीनिशी गारांत बाहेर पडली. गाडीच्या काचेवर बोटानं टकटक केलं आणि तो भरलेला मग गाडीच्या टपावर ठेवला.

“गार व्हायच्या आत पी,” ती म्हणाली. “रिकामा मग मात्र दुकानात आणून दे. खिडकीतून घ्यायची नाही मी.”

उत्तराला ती थांबली नाही. वळली आणि ताठ चालत आली, ओल्या दगडांवरून, जड जरीनं, गार पायांनी, आपल्या दुकानाकडे, आपल्या उजेडाकडे. मागे धुक्यात गाडीची काच बोटभर खाली आली. मग आणखी, हात टपावरचा मग आत घेईल एवढी. आणि त्या फटीतून, समुद्राच्या तोंडावर, गारांना न जुमानता, चहाची वाफ वर चढू लागली.