घड्याळकाकांची राखण

पाचवं पिल्लू गेलं तेव्हा काकूंनी परसात वाकून पीस शोधलं. खुराड्यामागं पाहिलं, भिंतीच्या कडेला पाहिलं, धुण्याच्या दगडाखालीसुद्धा हात घातला. एक पीस सापडेल तर शपथ.

"अहो, घारीनं नेलं म्हणता, मग एखादं पीस तरी पडायला नको?"

"झडप घातली आणि उचललं. पिसं सांडायला ती काय थांबते?" घड्याळकाका खुर्चीतून न उठता म्हणाले. "दोन वाजून सतरा मिनिटं झाली होती. काठी उगारली मी, पण उशीर झाला."

"कोणतं नेलं?"

"कोणतं म्हणजे? पिल्लू."

आता घ्या! वेळ मिनिटासकट पाठ, आणि तांबडं नेलं की पांढरं, ते माहीत नाही. कुठंतरी पाणी मुरतंय हे काकूंनी ओळखलं.

तसं राखणीचं काम काकांनीच मागून घेतलं होतं. मनगटाला घड्याळ बांधतंय कोण हल्ली, असं म्हणत सहा महिन्यांपूर्वी त्यांनी दुकान बंद केलं. काकू दुपारी एक ते चार वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या कामाला जायच्या. गेल्या महिन्यात ठिपकेवाल्या कोंबडीखालून अकरा पिल्लं निघाली आणि आभाळात घार घिरट्या घालू लागली. "तू खुशाल जा, मी डोळ्यांत तेल घालून बसतो," काका म्हणाले. बसलेही. आणि पिल्लं पारव्याएवढी होतात न होतात तोच एकेक करून पाच गेली. सगळी एक ते चारच्या दरम्यान. सकाळ-संध्याकाळ काकू परसात असायच्या तेव्हा घारीला भूक लागत नसावी.

चौथं पिल्लू गेलं त्या दिवशी काकू घरी परतताना मुद्दाम नणंदेच्या गल्लीतून आल्या होत्या. मनात काही नव्हतं, असं त्या स्वतःला सांगत होत्या. पण वन्संच्या खिडकीतून कोंबडीच्या रश्श्याचा वास आला आणि काकूंचे पाय जागीच थांबले.

"बाजारातून आणली हो," न विचारताच वन्सं म्हणाल्या.

झालं! सुतावरून स्वर्ग गाठायला काकूंना एवढंही सूत नको असायचं, आणि इथं तर अख्खं रीळ हाती लागलं. त्यांना आपलं घड्याळ आठवलं. लग्नात मिळालेलं, बारीक पट्ट्याचं. आठ महिन्यांपूर्वी ते बंद पडलं म्हणून त्यांनी काकांकडे दिलं होतं. विचारलं की ठरलेलं उत्तर, "पार्ट यायचाय." गावातली घड्याळं दोन दिवसांत दुरुस्त करणाऱ्या माणसाला बायकोच्याच घड्याळाचा पार्ट मिळेना? तेही गेलं असणार वन्संच्या कपाटात. पिल्लांच्याच वाटेनं.

मग परवाची गोष्ट. काकू वाचनालयातून जरा लवकर आल्या, तर भाऊबहीण परसात बसलेले. दारापर्यंत वन्संचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं, "अजून तिला सांगितलं नाहीस?" आणि काका म्हणाले, "नको ताई. तिला कळता कामा नये." काकू पुढं झाल्या मात्र, वन्संनी पिशवी उचलली आणि चहा न घेता निघून गेल्या. चहा न घेता, आणि वन्सं!

पिल्लं गेल्याचं दुःख होतंच. पण काकूंचा जीव तुटत होता तो वेगळ्याच गोष्टीनं. चाळीस वर्षांच्या संसारात भांडणं झाली, अबोले झाले, पण हा माणूस कधी तोंडावर खोटं बोलला नव्हता. आता रोज बोलत होता. कुंपणानंच शेत खाल्लं तर दाद मागायची कुणाकडे?

वाचनालयाच्या सुट्टीच्या दिवशी काकूंनी बेत केला. "आज जादा काम आहे," म्हणून पिशवी घेऊन पुढच्या दारानं निघाल्या, गल्लीला वळसा घातला आणि बोळातल्या दारानं न्हाणीघरात शिरल्या. झरोक्यातून सगळं परस दिसत होतं. उलट्या बादलीवर बसून त्या वाट पाहू लागल्या. आता येतील वन्सं पिशवी घेऊन, आता काका खुराड्यात हात घालतील. दोघांना कसं पकडायचं, पहिलं वाक्य काय टाकायचं, सगळं ठरवून झालं.

वन्सं काही आल्या नाहीत. काका खुर्चीत ताठ बसले होते, काठी मांडीवर. माती उकरत कोंबडी सहा पिल्लांना हाका मारत होती.

आतल्या घड्याळानं दोनचे ठोके दिले. थोड्या वेळानं घार आली. पण घिरट्या नाहीत, झडप नाही. सरळ येऊन ती समोरच्या भिंतीवर बसली, काकांपासून दहा पावलांवर. कोंबडीनं भेदरून पंख पसरले. काकांनी मान वळवून नेमकं घारीकडे पाहिलं. अगदी रोखून. आणि हलले नाहीत.

काकू बादलीवरून उठल्या. म्हणजे घार खरी होती. आणि हा माणूस तिला डोळ्यांदेखत पिल्लं नेऊ देत होता!

घार झेपावली. कोंबडी किंचाळली, पिल्लं उधळली. काका ताडकन उठले आणि "हाड! हाड!" करत काठी फिरवू लागले. डावीकडे, धुण्याच्या दोरीवर. दोरीवर त्यांचाच पांढरा सदरा वाऱ्यानं फडफडत होता. त्यावर त्यांनी तीन-चार रट्टे हाणले. तोवर इकडे घार तांबडं पिल्लू घेऊन भिंतीपलीकडे गेलीसुद्धा. सदरा दोरीवरून सुटून मातीत पडला.

काकू बाहेर आल्या तेव्हा काका धापा टाकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"आलीस? घार आली होती. या खेपेला हाणली बघ तिला! चार रट्टे दिले."

हो म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण काकूंच्या तोंडून निघून गेलं, "तो तुमचा सदरा आहे."

काका खाली बसले. हातानं चाचपून त्यांनी सदरा उचलला, त्याची बटणं बोटांनी मोजली आणि तो मांडीवर ठेवून दिला.

"कडेचं दिसतं," ते म्हणाले. "जिथं बघावं तिथंच मधोमध भोक पडतं. ताई डॉक्टरकडे घेऊन गेली होती. आता सुधारायचं नाही म्हणाला."

"वन्संना सांगितलंत! आणि मला नाही?" काकूंना रडू आलं आणि रागही आला, आणि राग जास्त होता. "मी इथं काय काय मनात आणलं तुमच्याबद्दल! वन्संबद्दल!"

"तू चाळीस वर्षं गावाला सांगत आलीस, आमच्या ह्यांच्या नजरेतून केसाएवढा स्क्रू सुटत नाही म्हणून. तुला कोणत्या तोंडानं सांगू?" काका म्हणाले. "वाटलं, निदान पिल्लं तरी राखता येतील."

दुसऱ्या दिवशी काकूंनी वाचनालयात रजा टाकली. भिंतीपासून भिंतीपर्यंत परसावर आडव्या-उभ्या दोऱ्या ताणल्या. गाठी काकांनी मारल्या. त्यांच्या गाठीला डोळे लागत नव्हते. चकाकीला घार बुजते म्हणून काकांनी दुकानातला जुन्या घड्याळांच्या झाकणांचा डबा काढला. ते एकेक झाकण बोटांनी चाचपून पुढं करत होते आणि काकू दोऱ्यांना टांगत होत्या. मध्येच त्यांच्या हाती कागदाची पुडी आली.

"हे नको टांगूस," ते म्हणाले. "हे तुझं."

आत बारीक पट्ट्याचं घड्याळ होतं आणि शेजारी एक नवंकोरं चाक.

"पार्ट चौथ्याच दिवशी आला होता. मला बसवता आला नाही."

काकूंनी चाक कागदात गुंडाळून कमरेला खोचलं. बंद घड्याळ तसंच मनगटाला बांधलं.

"किती वाजले?" पट्ट्याचा आवाज ओळखून काकांनी विचारलं.

"ते बंद आहे हो. तुम्हीच सांगा."

"दोन वाजून पाच," आतल्या घड्याळाच्या ठोक्यांपासून मिनिटं मनात मोजत आलेले काका म्हणाले.

"म्हणजे तिची वेळ झाली," काकू म्हणाल्या. त्यांनी आतून दुसरी खुर्ची आणली, काकांच्या शेजारी टाकली आणि भिंतीकडे बघत बसल्या.